मळलेल्या वाटा : नेरळ परिसरातल्या सोप्या डोंगरभटकंतीविषयी

डोंगरभटकंतीच्या पुस्तकांत सोप्या वाटेच्या वाट्याला सहसा एकच ओळ येते : 'वाट मळलेली आहे, चुकण्याची शक्यता नाही.' एवढं लिहून लेखक कातळटप्प्याकडे, निसटत्या आडव्या वाटेकडे, दोर लावायच्या जागेकडे वळतो. ते साहजिकच आहे. अवघड जागा सांगितली नाही तर वाचणारा तिथे अडकेल. सोप्या वाटेचं काय सांगायचं, तिथे पाय आपसूक जातात. या पुस्तकात मात्र त्या एका ओळीचाच विस्तार आहे. सकाळच्या कर्जत लोकलनं यावं, दोन-तीन तास चढावं आणि दिवे लागायच्या आत परतीची गाडी पकडावी. दोर लागू नये, सहावीतल्या पोराला आणि साठी ओलांडलेल्या आजीला सारखंच झेपावं. आणि तरीही वर पोचल्यावर खालचं सगळं खोरं नजरेत मावू नये, अशा वाटा इथे एकत्र केल्या आहेत. कुठून वळायचं आणि पाणी कुठे मिळेल ते त्या-त्या प्रकरणात येईलच. प्रस्तावनेत मला एकाच प्रश्नापाशी थांबायचं आहे : या वाटा सोप्या का आहेत?

प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. नेरळ समुद्रसपाटीपासून जेमतेम चाळीस मीटरवर, आणि स्टेशनातून पश्चिमेला मान वर केली की दिसणारं माथेरानचं पठार आठशे मीटरच्या आसपास. मधल्या साडेसातशे मीटरांत बरीचशी उभी काळी भिंत. पावसाळ्यात तिच्यावरून पांढरे धबधबे सुटतात तेव्हा तर हा डोंगर चढायचा नसून नुसता बघायचा आहे, असंच वाटतं. याच रांगेत उत्तरेकडे पेब, नाखिंद, चंदेरी, आणि पश्चिम-दक्षिणेला प्रबळगड, इरशाळ, सोंडाई. खालून पाहिलं तर एकही डोंगर पाहुण्याचं स्वागत करणारा नाही. पण यातल्या बहुतेकांच्या निदान निम्म्या उंचीपर्यंत, आणि काहींच्या थेट माथ्यापर्यंत, चपला घालूनही जाता येईल अशा वाटा आहेत. त्या कुठून आल्या?

पहिलं उत्तर दगडात आहे. सह्याद्री आणि त्याच्यापासून सुटलेले हे डोंगर लाव्ह्याच्या थरांनी बनलेले आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांमधून लाव्हा पुन्हा पुन्हा वाहिला आणि थरावर थर साचत गेले. सगळे थर सारखे नव्हते. काही घट्ट, एकसंध; ते पावसाला दाद देत नाहीत आणि उभे तुटून त्यांचे कडे होतात. काही सच्छिद्र, ठिसूळ. ते झिजतात, त्यांची माती होते आणि तिथे डोंगराला उतार येतो. म्हणून इथला डोंगर जिन्यासारखा दिसतो : उभा कडा, मग तिरपा टप्पा, पुन्हा कडा, पुन्हा टप्पा. या मधल्या टप्प्याला डोंगरातली माणसं पदर म्हणतात. पायथा, पदर, कडा आणि माथा असे डोंगराचे चार भाग ध्यानात ठेवले, तर इथली कुठलीही वाट वाचता येते. पायथ्यापासून पदरापर्यंत डोंगराची एखादी सोंड उतरलेली असते; वाट त्या सोंडेवरून चढते. पदरावर ती आडवी, निवांत चालते. कड्यापाशी आली की एखादी घळ किंवा नाळ शोधते, आणि तिथे एकतर सोपी वाट संपते किंवा तिला शिडी लागते. माथेरानच्या माथ्यावर आणखी एक थर आहे, जांभ्या दगडाचा. तिथली प्रसिद्ध लाल माती, जी परतल्यावर दोन धुण्यांतही मोज्यांतून जात नाही, ती याच जांभ्याची.

पदरावर माती असते, माती असते तिथे पाणी जरा टिकतं, आणि पाणी टिकतं तिथे माणूस राहतो. दुसरं उत्तर इथे सुरू होतं. माथेरानच्या उतारांवर आसलवाडी, बेकरेवाडी, नाण्याचा माळ, भूतिवलीची वाडी, सागाची वाडी, चिंचवाडी अशा ठाकर, कातकरी आणि धनगरांच्या वस्त्या आहेत. वरईनाचणीचा तुकडा, चार शेरडं, एखादी म्हैस, कुडाच्या भिंतींची घरं आणि अलीकडे त्यांच्या शेजारी सिमेंटची. कुडाला लागणारी कारवी याच उतारावर माजते. ही कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते, आणि फुलते तेव्हा सगळा पदर जांभळा होतो. पण फुलो न फुलो, घर शाकारायला आणि भिंत विणायला ती दरवर्षी लागतेच. लाकूडफाटा, गवताचे भारे, मेमधली करवंदं आणि जांभळं, पहिल्या पावसानंतरची शेवळं, टाकळा, कुलूची भाजी, कंटोळी हे सगळं या वाटांनी खाली नेरळच्या बाजारात उतरतं. तिथून तेल, मीठ, तांदूळ, औषध वर चढतं. दुसरीकडे माथेरानच्या वस्तीला दूध आणि भाजी पुरवणाऱ्या वाटा वाड्यांतून वर जातात.

डोक्यावर ओझं घेऊन रोज चढणारा माणूस डोंगराशी मर्दुमकी गाजवायला जात नाही. त्याला दम वाचवायचा असतो. म्हणून त्याची वाट थेट वर घुसत नाही, नागमोडी चढते. जिथे मुरूम घसरतो तिथे ती हातभर बाजूला सरकते. ओढा ओलांडायचा असेल तर पावसाळ्यातही दगडांवर पाय ठेवता येईल अशाच जागी ओलांडते. चढ जिथे दमवतो तिथे झाड असतं, आणि झाडाखाली भारा टेकवायला बरोबर कमरेएवढ्या उंचीचा दगड. हे कोणी नकाशा काढून आखलेलं नाही. पिढ्यानपिढ्या हजारो पावलांनी थोडंथोडं सुधारत नेलेलं काम आहे ते. आपण पाठीवरच्या पिशवीत पाण्याची बाटली आणि थेपले घेऊन त्या वाटेनं जातो आणि 'सोपा ट्रेक आहे' म्हणतो. तो सोपा केला गेला आहे, हे आपल्या लक्षात येत नाही.

माथेरानचा जो इतिहास पुस्तकांत मिळतो त्यातही हे फारसं येत नाही. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांचा मुक्काम 1850 च्या मे महिन्यात पायथ्याच्या चौक गावी होता. तिथून ते वन ट्री हिलच्या बाजूनं वर चढले आणि रामबागेच्या बाजूनं उतरले. त्या एका चढउतरणीतून माथेरानचा शोध लागला असं आपण म्हणतो. गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी पुढे लक्ष घातलं आणि पठारावर बंगले उभे राहिले. मॅलेट यांच्या आधी या डोंगरात माणसं राहत होती, ओझी वाहत होती. त्यांच्यापुरता तो हरवलेला नव्हता. मात्र 1850 नंतर एक गोष्ट खरोखर बदलली. 1856 साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा फाटा कल्याणहून खोपोलीपर्यंत पोचला, नेरळ रुळांवर आलं आणि डोंगराचं तोंड फिरलं. चौकच्या बाजूनं चढणारा साहेब आता नेरळहून चढू लागला : घोड्यावर, पालखीत आणि नाइलाज झाला तर पायी. त्याचं सामान मात्र कायम कुणाच्या तरी डोक्यावरूनच जात होतं.

या चढाचं गणित इंजिनिअरांनी कसं सोडवलं हे बघण्यासारखं आहे, कारण त्यांनाही डोक्यावर भारा घेतलेल्या बाईपेक्षा वेगळी युक्ती सुचली नाही. सर आदमजी पीरभॉय यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी 1904 साली नेरळ-माथेरान रेल्वेचं काम सुरू केलं. 1907 साली गाडी धावली. खर्च सोळा लाख रुपये. रुळांमधलं अंतर दोन फूट, म्हणजे इंजिनाला अगदी आखूड वळणं घेता यावीत एवढं. चढ कुठेही विसाला एक याहून तीव्र होऊ द्यायचा नाही, हा नियम. त्या नियमापायी नेरळ ते माथेरान हे अंतर जवळपास 21 किलोमीटर झालं. सरळ रेषेत मोजलं तर त्याच्या निम्मंही भरत नाही. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज असे थांबे घेत गाडी डोंगराला वेढे घालते. कधी कधी तासाभरापूर्वीचं स्टेशन पुन्हा पायाखाली दिसतं. पायवाट आणि रूळ यांत फरक एवढाच की पायवाट झिजली तर बाजूला सरकते. रुळांना ती सोय नाही. 26 जुलै 2005 च्या पावसात ही लाइन ठिकठिकाणी वाहून गेली आणि 2007 मध्ये पुन्हा सुरू झाली. 2019 च्या पावसाळ्यात पुन्हा तुटली आणि नेरळपासूनची गाडी सुरू व्हायला 2022 चा ऑक्टोबर उजाडला. पायवाटा त्याही दोन पावसाळ्यांत वाहत्या होत्या.

आता वाटांविषयी थोडं. नवख्या माणसानं सुरुवात करावी ती भिवपुरी रोड स्टेशनपासून, गार्बेटच्या पठाराकडे जाणाऱ्या वाटेनं. नेरळनंतरचंच स्टेशन. डिकसळच्या बाजूनं पाली-भूतिवली धरणाकडे गेलं की समोर माथेरानची लांबलचक सोंड उतरलेली दिसते. धरणाच्या पाण्याला वळसा घालून वाट सागाच्या वाडीकडे चढते. वाडी पदरावर. तिथून वर झाडी विरळ होते, गवत सुरू होतं आणि थोड्या वेळानं चढ एकदम संपतो. अंगावर वारा येतो. पाऊस नुकताच सरला असेल तर तेरडा, सोनकी आणि कुर्डू यांच्यातून वाट काढावी लागते. पठाराच्या टोकाशी बसलं की पायाखाली धरण, त्याच्या पलीकडे रुळांवरून सरकणारी लोकल, उल्हास नदीचं खोरं आणि समोर सह्याद्रीची मुख्य भिंत. राजमाची, ढाक, मग भीमाशंकरचा उंचवटा, पदरगड, गोरखगड, सिद्धगड. इथून पुढे गार्बेट पॉइंटवर चढून माथेरान गाठता येतं, पण या पुस्तकाची शिफारस अशी की पहिल्या खेपेला पठारावरूनच परतावं. माथा गाठला नाही तर फेरी वाया गेली, ही समजूत अवघड वाटांवरून सोप्या वाटांवर विनाकारण आली आहे.

दुसरी वाट खुद्द नेरळातून निघते, पेबच्या दिशेनं. पेबला विकटगड असंही नाव आहे. गाव सोडलं की विजेच्या मनोऱ्यांची रांग दिसते. बराच वेळ त्या रांगेचा आधार धरून चढायचं. पदरावर पोचेपर्यंत ही वाट सोपी आहे. त्यापुढे झाडी दाट होते, घळ लागते, कातळ येतो, आणि गडावरच्या गुहा, पेबी देवी, माथ्यावरच्या दत्ताच्या पादुका इथपर्यंत जायचं तर अनुभवी सोबत हवी. म्हणून या पुस्तकात पेबची वाट पदरापाशी थांबवली आहे. तेवढ्यातही नाखिंदच्या डोंगराचं नेढं, म्हणजे कातळाला आरपार पडलेलं भोक, आणि त्याच्या मागचा चंदेरीचा सुळका बघायला मिळतो. माथेरानच्या बाजूनं पेबला उतरणारे बरेच जण रेल्वेच्या रुळांवरून चालत येतात. रूळ ही वाट नव्हे. तिथे गाडी धावते आणि वळणाआडून ती दिसत नाही; त्यामुळे रुळांवरची चाल या पुस्तकात घेतलेली नाही.

तिसरी सोंडाई. कर्जत-चौक रस्त्यावरून आत गेलं की पायथ्याला सोंडेवाडी. तासा-दीड तासाचा चढ, वाटेत कातळात खोदलेली पाण्याची टाकी, एका टप्प्याला लोखंडी शिडी. माथ्यावर सोंडाईदेवी आहे, म्हणून शेवटच्या टप्प्याला पायातलं काढून ठेवायची इथली रीत. ती पाळावी. वरून मोरबे धरणाचं पाणी, त्यामागे प्रबळ आणि इरशाळ, आणि पाठीशी माथेरानची दक्षिण बाजू. एवढ्या कमी श्रमात एवढा मुलूख दाखवणारी जागा या तालुक्यात दुसरी नाही. चौथी वाट कोथळीगडाची, ज्याला सगळे पेठ म्हणतात. आंबिवलीहून पेठ गावापर्यंतचा रस्ता रुंद आणि मळलेला. गावाच्या डोक्यावर सुळका, सुळक्याच्या पोटात कोरीव खांबांची गुहा, आणि तिथून वर सुळका आतून पोखरून काढलेल्या पायऱ्या. पायऱ्या गुडघाभर उंच आहेत, पण दोन्ही बाजूंना दगड असल्यामुळे भीती वाटत नाही. कोकणातून घाटावर जाणाऱ्या जुन्या वाटांवर नजर ठेवायला हा गड होता, हे माथ्यावर उभं राहिलं की वेगळं सांगावं लागत नाही.

या वाटांवरून जे दिसतं त्यात डोंगर आणि पाणी यांच्यापलीकडचंही काही आहे. पूर्वेला दिसणाऱ्या सिद्धगडाशी नेरळ-माथेरानचं एक नातं आहे. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजे भाई कोतवाल, 1912 साली माथेरानला जन्मले. नाभिक कुटुंबातला मुलगा वकील झाला. शेतकऱ्यांना सावकाराकडे जावं लागू नये म्हणून धान्याच्या कोठ्या आणि त्यांच्या पोरांसाठी शाळा, अशी कामं त्यांनी या खेड्यापाड्यांत उभी केली. 1942 च्या चळवळीत ते भूमिगत झाले. त्यांच्या आझाद दस्त्यानं मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडायला सुरुवात केली. ठाकरवाड्यांतली माणसं या दस्त्यात होती, आणि रात्री मनोरे गाठायचे, पहाटेआत दुसरीकडे पोचायचं, हे या पायवाटा तोंडपाठ असल्याशिवाय शक्य नव्हतं. 2 जानेवारी 1943 रोजी पहाटे सिद्धगडाच्या रानात पोलिसांच्या गोळीबारात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. पेबच्या वाटेवर मनोऱ्याच्या पायाशी दम खाताना हे आठवलं, तर समोरचा सिद्धगड नुसता एक सुळका राहत नाही.

कुठल्या ऋतूत जावं, हा नेहमीचा प्रश्न. गर्दीचा ऋतू पावसाळा. कर्जतच्या गाड्या तेव्हा जूनपासूनच भरून येतात. हिरवाई डोळे निववते हे खरं, पण ढगांमुळे दिसत काहीच नाही आणि ओढे भरलेले असतात. माझं मत विचाराल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा या वाटांचा खरा काळ. हवा स्वच्छ, गवत सोनेरी, आणि फेब्रुवारीत पळस, पांगारा आणि काटेसावर एकामागोमाग पेटत जातात. झाडीच्या पट्ट्यात शेकरूची घरटी दिसतात, आणि नशीब असेल तर एका झाडावरून दुसऱ्यावर झेपावणारा शेकरूही. मे महिन्यात जायचं तर पहाटे चढून दहाच्या आत उतरावं. त्या श्रमाचं फळ म्हणून नेरळ-कर्जतच्या फलाटांवर पानांच्या द्रोणांतून करवंदं मिळतात. ती ज्यांनी वेचली त्या बायका आपल्याही आधी उठून डोंगर चढलेल्या असतात.

वाट सोपी असली म्हणून डोंगर सोपा होत नाही, हेही इथेच सांगायला हवं. अपघात बहुधा वाटेवर होत नाहीत. वाट सोडून धबधब्याच्या कुंडाकडे, कड्याच्या टोकाकडे, मधल्या उताराकडे वळलं की होतात. वर पाऊस झाला की खालचा ओढा काही मिनिटांत चढतो. खाली ऊन असलं तरी. पावसाळ्यात प्रशासन धबधब्यांवर बंदी घालतं ते याचसाठी. गवतात आणि दगडांच्या सांदीत फुरसं असतं, म्हणून पायात बूट आणि हातात काठी हवी. मधमाश्यांच्या पोळ्यांखाली धूर आणि अत्तर दोन्ही नको. पाणी माणशी दोन लिटर. आणि परतीची वेळ माथ्यावर पोचल्यावर नव्हे, घरून निघतानाच ठरवावी.

आणि डोंगर किती कठोर होऊ शकतो हे या टापूनं अलीकडेच पाहिलं आहे. 19 जुलै 2023 च्या रात्री इरशाळगडाच्या कुशीतली इरशाळवाडी दरडीखाली गेली. 27 मृतदेह हाती लागले. 57 माणसं सापडलीच नाहीत आणि शोध थांबवावा लागला. ही वाडी पदरावरच होती. ज्या मातीमुळे तिथे वस्ती झाली, तीच माती अतिवृष्टीत कड्याच्या पायथ्यापासून सुटली. त्याआधी इरशाळला जाणारे कितीतरी भटके त्या वाडीतल्या अंगणांत बसून चहा पिऊन पुढे गेले होते. वाचलेल्यांसाठी चौकजवळ नवी घरं उभी राहिली. या पुस्तकात इरशाळची वाट नाही. वाट बंद आहे की उघडी हा मुद्दा नाही. जिथे माणसं अजून मातीखाली आहेत तिथे सहलीचा पत्ता देऊ नये, असं वाटलं.

इथून मी या वाटा सोप्या का, या मूळ प्रश्नाकडे येतो, कारण त्याचं उत्तर अजून पुरतं दिलेलं नाही. त्यासाठी आधी हे विचारायला हवं : आपल्याला आवडणारी ही पायवाट वाडीतल्या माणसाला आवडते का? बहुतेक वाड्यांत उत्तर 'नाही' असं येईल. माथेरानच्या उतारावरच्या वाड्या कित्येक वर्षं रस्ता मागत आहेत. तिथे बाळंतीण किंवा साप चावलेलं माणूस अजूनही चादरीच्या डोलीत घालून चौघांच्या खांद्यांवरून खाली आणावं लागतं. आपण ज्या चढावर फोटोसाठी थांबतो, त्याच चढावर डोली वाहणारे खांदे बदलतात. 'किती शांत आहे इथे, रस्ता होऊ नये बाई' असं म्हणणारी भटकी मंडळी मी ऐकली आहेत. असं म्हणणं अन्यायाचं आहे. रस्ता व्हायला हवा. माथेरानचा परिसर 2003 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित आहे आणि तिथे रस्ता करताना वनखात्याच्या परवानगीपासून बरंच काही आडवं येतं. पण ते अडथळे सोडवायचे आहेत, साजरे करायचे नाहीत.

रस्ता झाला तर पायवाटेचं काय होईल? डोंगरात याचं उत्तर आधीच दिसतं. जिथे वाडीपर्यंत जीप जाऊ लागली, तिथली जुनी वाट दोन-तीन पावसाळ्यांत कारवीनं गिळली. भारा टेकवायचा दगड तिथेच असतो, पण त्याच्यापर्यंत पोचता येत नाही. ओढ्यातले पाय ठेवायचे दगड पुराबरोबर सरकतात आणि ते परत जागेवर लावायला कोणी येत नाही. मग पुस्तकात 'मळलेली वाट' म्हणून नोंदलेली वाट 'अनुभवी वाटाड्याशिवाय जाऊ नये' या सदरात जाते. म्हणजे वाट सोपी असणं हा डोंगराचा गुण नाही. ती रोज चालली जाते तेवढ्यापुरतीच सोपी असते. दगडानं पदर दिला, पदरानं वस्ती दिली, वस्तीनं वाट दिली; यातली शेवटची कडी सगळ्यांत कच्ची आहे.

म्हणून हे पुस्तक. वाडीतल्या माणसाला रस्ता मिळेल आणि मिळावा, तेव्हा या वाटा चालत्या ठेवायचं काम त्यांच्याकडून सुटून आपल्याकडे, म्हणजे आठवड्याची सुट्टी डोंगरात घालवणाऱ्यांकडे येणार आहे. ते काम मोठं नाही. ठरलेल्या वाटेनंच जावं, वळणं तोडून नव्या वाटा पाडू नयेत. तोडलेल्या वळणातूनच पावसाचं पाणी घुसून वाट खचते. ओढ्यातला निसटलेला दगड चार हातांनी जागेवर बसवावा. वर नेलेलं प्लास्टिक खाली आणावं, आणि जमलं तर दुसऱ्यानं टाकलेलंही. रंगानं बाण काढू नयेत, वाट विचारावी. वाडीत शिरताना 'राम राम मामा', 'मावशी, वाट हीच ना?' एवढं बोलून मगच पुढे व्हावं, विचारल्याशिवाय कुणाच्या घराचे किंवा पोरांचे फोटो काढू नयेत. जेवण वाडीत सांगता येतं. आदल्या दिवशी सांगितलं तर तांदळाची भाकरी, पिठलं आणि हंगामातली रानभाजी मिळते, आणि त्याचे पैसे घासाघीस न करता द्यावेत. 'किती लांब आहे?' असं विचारलं तर 'हे काय, इथंच' असं उत्तर येईल. ते खोटं नसतं, त्यांच्या पायांच्या हिशेबानं दिलेलं असतं. आपल्या पायांसाठी त्याची दुप्पट धरावी.

अवघड गडांवर लिहिणाऱ्या जाणत्यांची परंपरा मराठीत मोठी आहे. आनंद पाळंदे यांची 'डोंगरयात्रा', प्र. के. घाणेकर यांची किल्ल्यांवरची पुस्तकं वाचत आमच्या पिढीनं सह्याद्री पालथा घातला. त्यांच्या शेजारी ठेवण्याची या पुस्तकाची ऐपत नाही, तसा दावाही नाही. ते पुस्तकांच्या कपाटात नव्हे तर पाठपिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात राहावं, घामानं आणि पावसानं त्याची पानं फुगावीत अशी अपेक्षा आहे. प्रत्येक वाटेच्या शेवटी एक कोरी जागा सोडली आहे. वाट कुठे खचली, टाक्यात पाणी कोणत्या महिन्यापर्यंत होतं, कुठला ओढा पावसाळ्यात ओलांडता आला नाही, ते तिथे लिहून ठेवा आणि मागून येणाऱ्याला सांगा. पुढची आवृत्ती निघालीच, तर ती त्या नोंदींवरूनच निघेल.